प्रा. ना. सी. फडके : प्रेमकथा, माणसे आणि गाव

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या दिवंगत थोर साहित्यिकाचे स्मरण असावे, ही आपली जुनी प्रथा आहे. या प्रथेस अनुसरून संतांची, वीरपुरुषांची आणि समाजसुधारकांची चरित्रे आपण आदराने छापतो व वाचतो. परंतु ज्याने अर्धशतकाहून अधिक काळ मराठी माणसाला प्रेमकथा सांगितल्या, त्याचे नाव घेताना मात्र आपण थोडे संकोचतो. प्रेमकथा म्हणजे दुपारी आडवे होऊन वाचावयाची आणि कोणी आले की उशीखाली ठेवावयाची वस्तू, असा समज आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हा संकोच बाजूस सारून यंदा आम्ही प्रा. नारायण सीताराम फडके यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फडक्यांची कर्मभूमी पुणे आणि कोल्हापूर. आपली चिकपेट तेथून बरीच दूर. तथापि १६३८ साली विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे या नगरीत आले आणि बंगळूर त्यांची जहागीर झाली, तेव्हापासूनचे मराठीचे धागे या पेठेत आहेत. शिंपीकाम, रंगकाम, कापड व जरीचा व्यापार या निमित्ताने येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी बाहेर कन्नड आणि घरात मराठी असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालविला. अशा घरांत मराठी पुस्तक हे केवळ करमणुकीचे साधन नसते. ज्या पुण्याकोल्हापुरास आपण क्वचितच जातो, तेथील माणसे आज कशी बोलतात, कशी राहतात, कशी प्रेमात पडतात, हे त्या पुस्तकातूनच कळत असते. म्हणूनच कादंबरीतील प्रेम, कादंबरीतील माणसे आणि कादंबरीतील गाव यांचा मेळ कसा बसावा, हा प्रश्न आमच्यासारख्या दूरस्थ वाचकांना अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. फडक्यांचे सारे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जन्म आणि पूर्वायुष्य

फडक्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजेच आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत या गावी झाला. उच्च शिक्षण पुण्यास झाले. लेखनाची ओढ विद्यार्थिदशेतच लागली होती. १९१२ साली ‘केरळ कोकिळ’ मासिकात ‘मेणाचा ठसा’ ही त्यांची पहिली कथा प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. १९१७ साली ‘अल्ला हो अकबर’ ही पहिली कादंबरी आली. मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या एका कादंबरीवर ती आधारलेली होती. नवशिक्या कारागिराने आधी दुसऱ्याचा नमुना गिरवावा, तसाच हा प्रारंभ होता.

पुढे त्यांनी प्राध्यापकाचा पेशा पत्करला. पुणे, दिल्ली, सिंध हैदराबाद, नागपूर अशी भ्रमंती झाली आणि १९२६ साली ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. तेथे त्यांनी १९४९ पर्यंत अध्यापन केले. त्यांचे विषय तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान. वर्गात कार्यकारणाची साखळी उलगडून दाखविणारा हा माणूस घरी येऊन प्रेमकथा लिहीत असे, याचे कित्येकांस नवल वाटे. आम्हांस मात्र त्यात विसंगती दिसत नाही. त्यांच्या कादंबरीत एकही घटना सैल लोंबकळत नाही, प्रत्येक गाठ कोणत्यातरी कारणाने बसते आणि कोणत्यातरी कारणाने सुटते, याचे मूळ त्या तर्कशास्त्रातच असावे.

प्रेमकथेला जागा मिळाली

फडक्यांचे कार्य नीट समजावयाचे असेल, तर त्यांच्या आधीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. बाणभट्टाच्या संस्कृत प्रेमकथेच्या नायिकेचे नाव कादंबरी. मराठीने आणि कन्नडनेही या साहित्यप्रकाराला तेच नाव दिले. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांत या प्रकाराचे नामकरणच एका प्रेयसीच्या नावाने झाले आहे! असे असूनही मराठी कादंबरीत समकालीन स्त्रीपुरुषांच्या प्रेमाला जागा मिळावयास बराच काळ लागला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. तिचा विषय विधवांचे दुःख. १८६१ ची ‘मुक्तामाला’ अद्भुतात रमली. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधून मध्यमवर्गीय घराचे माजघर प्रथमच उजेडात आणले, परंतु त्या माजघरात मुलीचे लग्न बालपणीच होऊन जात असे. जेथे विवाह आधी आणि ओळख नंतर, तेथे विवाहापूर्वीच्या अनुरागाची कथा लेखकाने रचावी कशी?

कादंबरीकाराची ही अडचण केवळ भावनेची नव्हती, स्थळाचीही होती. तरुण आणि तरुणी यांनी एकमेकांस भेटावयाचे कोठे? वाड्याच्या चौकात वडीलधारी मंडळी, विहिरीवर शेजारणी, देवळात सारे गाव. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’त सुशिक्षित स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने वाद घालू लागल्या आणि दार किलकिले झाले. पुढे मुली महाविद्यालयांत जाऊ लागल्या, विवाहाचे वय हळूहळू वाढले, १९२९ साली शारदा कायदा संमत झाला. नेमक्या याच दशकात फडक्यांची ‘कुलाब्याची दांडी’ (१९२५), ‘जादूगार’ (१९२८) आणि ‘दौलत’ (१९२९) वाचकांच्या हाती आली. महाविद्यालयाचे आवार, टेनिसचे मैदान, गाण्याची बैठक, थंड हवेचे ठिकाण, मोटारीचा प्रवास अशा भेटीच्या नव्या जागा या नव्या युगाच्या कादंबरीने मराठी वाचकास दाखविल्या. या जागा आज आपल्याला केवळ शोभेच्या वाटतात. त्या काळी त्या जागांवाचून प्रेमकथा घडूच शकत नव्हती, हे विसरता कामा नये.

माणसांच्या बाबतीतही तसेच. त्यांची नायिका शिकलेली, नीटनेटकी, हजरजबाबी आणि स्वतःचे मत असलेली आहे. नायकाच्या डोळ्याला डोळा भिडवून ती बोलते. परगावी राहणाऱ्या, घरच्या धाकात वाढलेल्या मुलींना अशी नायिका भेटणे, हा केवढा मोठा दिलासा असेल, याची कल्पना आजच्या वाचकांना येणे कठीण आहे.

तंत्राचा आचार्य

१९३१ साली फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ हा ग्रंथ लिहिला. कथाकादंबरी कशी रचावी, याचा मराठीतील हा बहुचर्चित ग्रंथ. लेखन ही दैवी देणगी असून ती ज्याला असेल त्याला असेल, या समजुतीला त्यांनी धक्का दिला. प्रतिभेलाही साधना लागते, हे त्या नावातच आले. लेखनतंत्रावरील इंग्रजी ग्रंथांचा आधार त्यांनी घेतला होता आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु कथानकाची गुंतागुंत, निरगाठ आणि उकल, पात्रांचे स्वभावरेखन, वातावरणाची निर्मिती, संवादातील चुरचुरीतपणा या गोष्टींचा मराठीत इतक्या सुबोधपणे विचार होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले, हे श्रेय त्यांचेच.

या तंत्रात प्रेमकथेला मध्यभागी आसन होते. पात्रे आणि स्थळ ही तिच्या सेवेला. प्रसंग उत्कट व्हावयाचा असेल तर आभाळ त्या रंगाचे व्हावयाचे, वियोगाच्या क्षणी पावसाची सर यावयाची. वाचकाची उत्कंठा क्षणभरही ढळू द्यावयाची नाही, हा त्यांचा दंडक. तो त्यांनी इतक्या कसोशीने पाळला की त्यांची कादंबरी एकदा हाती घेतली म्हणजे स्वयंपाकघरातील दूध उतू जाई, असे जुन्या वाचकांकडून आम्ही कौतुकाने ऐकत आलो आहोत.

परंतु याच गुणातून एक उणीवही निर्माण झाली, असे आमचे नम्र मत आहे. कथानकाचे चाक अखंड फिरते ठेवावयाचे म्हणजे माणसाला थांबून विचार करावयास सवड मिळत नाही. स्थळाला केवळ पडद्याचे काम उरते. पडदा सुंदर रंगविलेला असतो, पण नाटक संपले की तो गुंडाळून ठेवता येतो. फडके राहत होते ते कोल्हापूर किती समृद्ध होते! अल्लादिया खाँसाहेबांची गायकी तेथे नांदली, बाबूराव पेंटरांनी तेथे चित्रपट काढले, १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीची स्थापना तेथेच झाली, तालमींतून कुस्ती घुमत होती. महाविद्यालयातील त्यांचे सहकारी माधव जूलियन फारसी शिकवीत आणि मराठीत प्रेमकविता लिहीत. असे हे गाव उशाशी असता फडक्यांच्या कादंबरीचा ओढा मात्र बहुधा सुखवस्तू, सुशिक्षित, शहरी अशा एका ठरावीक जगाकडेच राहिला. नायक-नायिकांची नावे बदलली, घराचे गाव बदलले, तरी कथेला फारसा धक्का बसू नये, असे कित्येकदा वाटते.

दोन बाजू

या विषयावर त्या काळी जो वाद रंगला, तो मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कलेसाठी कला की जीवनासाठी कला या नावाने प्रसिद्ध आहे. एका बाजूस फडके. कलाकृतीने आनंद द्यावा, प्रचाराचे ओझे तिच्यावर लादू नये, ही त्यांची भूमिका. दुसऱ्या बाजूचे अग्रणी वि. स. खांडेकर. खांडेकरांनी कोकणातील शिरोडे येथे १९२० पासून शाळेत अध्यापन केले होते आणि दारिद्र्य जवळून पाहिले होते. १९३८ साली तेही कोल्हापूरला आले आणि ज्यांच्या नावांनी मराठी कादंबरीचे एक युग ओळखले जाते, ते दोघेही एकाच गावचे रहिवासी झाले. प्रेमाचा त्रिकोण दोघांनीही रेखाटला. फरक एवढाच की फडक्यांकडे प्रेम पुढे चाले आणि ध्येय मागून येई, खांडेकरांकडे ध्येय पुढे आणि प्रेम मागून. समतोल दोघांनाही सहज साधला नाही, असे आज दूर उभे राहून पाहता दिसते. एकाची पात्रे कथानकाची बांधील झाली, दुसऱ्याची विचारांची.

फडक्यांना ही टीका ऐकू येत नव्हती, असे नाही. पुढील काळात त्यांनी राष्ट्रीय चळवळ आणि राजकीय उलथापालथ यांची पार्श्वभूमी आपल्या कादंबऱ्यांना दिली. ‘प्रवासी’, ‘अखेरचं बंड’, ‘झंझावात’ ही नावे जुन्या वाचकांच्या स्मरणात असतील. सत्तरांहून अधिक कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, नाटके, टीकालेखन आणि गुजगोष्टी एवढा त्यांचा पसारा. गुजगोष्टींनी मराठी लघुनिबंधाचा पाया घातला. त्यांत कथानकाची घाई नसल्यामुळे माणूस आणि भोवताल यांकडे पाहण्याची त्यांची नजर अधिक मोकळी झालेली दिसते. १९४० साली रत्नागिरी येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले आणि १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले.

जीवनातील कादंबरी

फडक्यांच्या खासगी जीवनाविषयी लिहिताना लेखणी जपून चालवावी लागते. तथापि ते वगळून त्यांचे चरित्र पुरे होणार नाही. प्रथम पत्नी मनोरमाबाई हयात असताना त्यांनी कमलाबाईंशी विवाह केला. त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. कमलाबाई पुढे स्वतः लेखिका म्हणून नावारूपास आल्या आणि दोघांचे सहजीवन अखेरपर्यंत टिकले. ज्यांनी कादंबऱ्यांतून प्रीतीचा जयजयकार केला, त्यांनी स्वतःच्या आयुष्यातही प्रीतीची किंमत मोजली, असे म्हणणारे म्हणतात. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की ती किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. एका घरात दिवा लागला तेव्हा दुसऱ्या घरात अंधार झाला आणि त्या घरातील स्त्रीची कथा लिहावयास कोणी बसले नाही.

फडक्यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘माझं जीवन : एक कादंबरी’ असे नाव दिले. ते समर्पकच आहे. परंतु आमच्या मनात असा विचार येतो की त्यांचे जीवन त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक गुंतागुंतीचे होते. १९२७ साली त्यांनी भारतातील कामजीवनाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्याला संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. विवाहानंतरचे शरीर, अपत्ये, आरोग्य आणि स्त्रीचे हाल यांचा विचार त्या काळी उघडपणे मांडणे हे धैर्याचेच काम होते. मात्र हा विचारवंत फडके आणि प्रेमकथाकार फडके यांची गाठ क्वचितच पडली. त्यांच्या प्रेमकथा प्रायः तेथे संपतात, जेथे खऱ्या माणसांची परीक्षा सुरू होते.

२२ ऑक्टोबर १९७८ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यानंतर आणि त्यांच्यामुळे

फडक्यांच्या हयातीतच मराठी कादंबरी पुढे सरकली होती. विभावरी शिरूरकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ लिहून प्रेमाची हीच गोष्ट स्त्रीच्या अंतरंगातून सांगितली. १९५२ साली श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ आली. बापू आणि राधा यांचे प्रेम गारंबीबाहेर घडणे अशक्य, कारण त्या प्रेमाला विरोध करणारे गाव, तेथील बागा, तेथील माणसांचे हेवेदावे यांतूनच ते प्रेम आकारास आले आहे. येथे गाव पडदा राहिले नाही, ते एक पात्रच झाले. आमच्या शेजारच्या कन्नडमध्ये अल्पायुषी त्रिवेणी यांनी सामान्य घरातील स्त्रीमनाचा असाच वेध घेतला आणि त्यांच्या कादंबऱ्या चिकपेटेतील कन्नड घरांतून घरच्या माणसाइतक्या प्रिय झाल्या.

म्हणून फडक्यांची किंमत कमी होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी प्रेमाचा उच्चार मराठी कादंबरीत सभ्य आणि सहज केला, म्हणूनच पुढच्यांना त्यापलीकडचे बोलता आले. ज्याने वाट पाडली, त्याला ती वाट पुढे कोठवर गेली नाही याचा दोष देणे योग्य नव्हे. वाट त्याने पाडली हे मान्य करावे आणि पुढे चालावे.

आमच्या पेठेत रेशमाचा व्यवहार आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. गिऱ्हाईक दुकानात शिरते तेव्हा त्याची नजर प्रथम जरीच्या काठपदरावर जाते. परंतु साडी टिकते ती ताण्याबाण्याच्या विणीवर. कादंबरीत प्रेम ही जर आहे, स्वभाव हा ताणा आहे आणि गाव हा बाणा आहे. जर नसेल तर साडी उचलून पाहावीशी वाटत नाही. वीण सैल असेल तर दोन धुण्यांत जर एकटीच उरते. फडक्यांनी आपल्याला जर कशी लावावी ते शिकविले. त्यांच्या उत्तम पानांत वीणही घट्ट आहे, सामान्य पानांत ती विरळ आहे, आणि वाचकाने दोन्ही ओळखावीत.

आता थोडे आपल्याकडे पाहू. या पेठेत मराठी बोलणारी माणसे प्रेमात पडली नाहीत काय? घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेली मुले-मुली येथे आहेत. कोणत्या भाषेत मन मोकळे करावे, हाच ज्यांच्यापुढील पहिला पेच, अशांची प्रीती कशी असेल? कानडी घरात दिलेल्या मुलीने सासूबाईंना प्रथम कोणत्या शब्दाने हाक मारली असेल? दुकानाच्या माळ्यावरून समोरच्या माळ्याकडे पाहणारी नजर, अव्हेन्यू रोडवरील जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात झालेली भेट, २०१७ साली चिकपेटेच्या पोटातून धावू लागलेल्या मेट्रोने एकाएकी जवळ आलेली दूरची उपनगरे, हे सारे कोणत्या मराठी कादंबरीत आले आहे? पुण्याच्या टेनिस मैदानावरील प्रीती आम्ही वाचली, कोकणातील वाडीवरची वाचली. चिकपेटेतील मराठी प्रीतीची कादंबरी अद्याप लिहावयाची आहे.

ती लिहिण्याचा संकल्प आपल्या तरुण मंडळींपैकी कोणी केला, तर फडक्यांकडून कथा रंगविण्याची हातोटी अवश्य घ्यावी. मात्र लिहून झाल्यावर एक कसोटी लावून पाहावी. आपल्या नायक-नायिकेला चिकपेटेतून उचलून दुसऱ्या कोणत्याही शहरात नेऊन ठेवावे. कथा जशीच्या तशी चालू राहिली, तर ती अजून पुरी झालेली नाही, असे समजून पुन्हा लिहावयास बसावे.

प्रा. फडके यांच्या स्मृतीस आम्ही मंडळाच्या वतीने विनम्र अभिवादन करतो. घरातील जुन्या कपाटात त्यांची एखादी कादंबरी असेल, तर ती मुलांच्या हाती निःसंकोचपणे द्यावी आणि वाचून झाल्यावर त्यांच्याशी तिच्याविषयी मराठीत बोलावे, एवढीच वाचकांस विनंती.